रिकाम्या खोक्यातले पाच टोले

हे लिहू की नको, असं करत दोन महिने गेले. मी बीदरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. अंगात येणं, करणी असलं काही निघालं की वाद घालणारी मीच... आजही घालते. पण जे कानांनी ऐकलं, ते ऐकलंच नाही असं कसं म्हणू?

माझे अप्पा, म्हणजे वडील, औरादला घड्याळं दुरुस्त करायचे. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. घरात त्यांचं भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ आहे. दर रविवारी सकाळी किल्ली, आणि तीन वर्षांतून एकदा सगळं खोलून धुणं, तेल देणं. धुतलं की आतल्या पितळी पत्र्यावर सुईनं तारीख कोरायची, हा त्यांचा नेम. हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. त्या घड्याळाची एक खोड होती — शेवटच्या टोल्याआधी ते जरासं थांबायचं. "दम खायलंय," अप्पा म्हणायचे.

ते गेल्यावर घड्याळ बंद पडलं. काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, हत्यारांची पेटी भालकीच्या एका घड्याळवाल्याला द्यायला निघाले.

"काका, पेटी राहू द्या. मी काम करते."

"कॉलेज सोडून घड्याळं खोलत बसतीस व्हय?"

"सोडायचं कामून? सुट्टीत करीन."

काका हसले. "बरं. हे भिंतीवरचं आज चालू करून दाखीव, पेटी तुझी. न्हाई झालं तर मुकाट द्यायची."

दुपारी मी घड्याळाचं मशीन बाहेर काढलं. स्प्रिंगांचा ताण उतरवून दोन्ही रॉकेलात टाकल्या. चाकं पेपरवर मांडली. भिंतीवर राहिला नुसता लाकडी खोका, आत टोल्याची वेटोळ्याची तार. तिच्यावर आपटणारी हातोडी माझ्या हातात, ब्रशनं घासत होते.

काका चहा पीत म्हणाले, "एवढे तुकडे! आता ह्या पेपरवर तुझी माय भाजी निवडंल."

तेवढ्यात तार वाजली.

सलग चार टोले. मग जरासं थांबून... पाचवा.

मोबाइलमध्ये बरोबर पाच वाजले होते. आई पिठाच्या हातानं धावत आली. "ह्यांचंच घड्याळ वाजलं न्हवं?"

काका कप ठेवून उठले. "गुंडाळ ते सगळं! अण्णाला, तुझ्या बापाला, पटंना झालंय. पोरीच्या जातीनं हात लावलेला..."

मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग जास्त आला.

"पटत नसतं तर अप्पांनी मला शिकवलंच नसतं. आणि रागवायचंच असलं तर मला रागवतील, भिंतीला न्हाई."

हात पुसून आईनं रॉकेलचं भांडं माझ्याकडं सरकवलं.

मी एकेक चाक पुसलं, बसवलं, तेलाचा थेंब दिला. दिवे लागायच्या सुमारास मशीन खोक्यात गेलं. किल्ली दिली, लंबकाला बोट लावलं... चालू! सातला सहा टोले सलग पडले, मग जरासं थांबून सातवा. काका चपला घालत होते.

"पेटी ठेव बाई. पण ह्या घरात मी परत चहा प्यायचो न्हाई."

कॉलेजात सरांना विचारलं. म्हणाले, कंप असेल, शेजारचं घड्याळ असेल. आमच्या गल्लीत टोल्याचं दुसरं घड्याळ नाही. आणि कंपाला मध्ये थांबून दम खाता येतो का? ते अप्पाच होते, असं मी म्हणणार नाही. मग काय होतं? खरंच सांगता येत नाही.

एवढं मात्र सांगते. आता दर रविवारी बीदरहून येऊन मी किल्ली देते. आणि त्या संध्याकाळी मशीन खोक्यात बसवण्याआधी पत्र्यावर अप्पांच्या शेवटच्या तारखेखाली मी माझी कोरलीय. पुढचं धुणं तीन वर्षांनी. त्या दिवशी तार पुन्हा वाजली तरी हातातली हातोडी मी खाली ठेवणार नाही.