खिडकीतला पेला
नव्या गादीतल्या कापसाचा वास आला की मला नळदुर्गचं आमचं घर आठवतं. अब्बा पिंजारी होते, अन् निजामाच्या राज्यातलं ते एक वर्ष त्यांच्या खोकल्यातच गेलं. गावातल्या डॉक्टरनं फुप्फुसात क्षयाची गाठ असेल म्हटलं. तो आजार आम्हा पोरांना लागू नये म्हणून अम्मानं अब्बांचा पेला खिडकीत वेगळा ठेवला. मग छातीचा फोटो काढायला ती त्यांना सोलापूरला घेऊन गेली. मीही सोबत होते. परतताना निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर जकातीच्या शिपायानं बोचकं उघडायला लावलं. “हे काळं काय हाय?” “माझी छाती हाय, साहेब,” अब्बा म्हणाले, “गाठ न्हाय म्हणाले डॉक्टर. कापसाची धूळ बसलीय नुसती.” शिपायानं फोटो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. “छातीवर जकात न्हाय. जावा घरी.” कित्येक दिवसांनी अम्मा हसली. घरी येताच तिनं खिडकीतला पेला घेतला, त्यात चहा ओतला, आधी स्वतः घोट घेतला अन् मग अब्बांना दिला. तो पेला आता माझ्याकडं आहे. मांडणीवरच्या बाकीच्या पेल्यांतून तो नेमका कोणता, ते मात्र मला सांगता येत नाही.