दाजींची दोनशिटी

माणसाने गाडीवर किती प्रेम करावे याची हद्द ज्या कोणी ठरवली असेल, तो आमच्या साडूंना भेटलेला नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मला पाव्हणं म्हणतात. राहुरीच्या पुढे मुळेच्या कालव्यावर त्यांचा ऊस आहे, गोठ्यात म्हशी आहेत. साठीला टेकलेले असले तरी अंग तालमीतले, मिशा भरघोस, आवाज असा की शेताच्या या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचे कुत्रे उठून बसते. असा माणूस ट्रॅक्टरवर शोभतो, जीपमध्ये शोभतो. पण आमचे दाजी पंचायत समितीत जातात ते कमरेएवढ्या उंचीच्या, तांबड्याभडक, डोक्यावर टप नसलेल्या, दोनच सीटच्या स्पोर्ट्‌स कारमधून. गाडीच्या कंपनीने तिला कुठलेसे झोकदार इंग्रजी नाव दिले होते. आमच्या भागात मात्र तिला लहानथोर सगळे 'दोनशिटी' म्हणतात.

समुद्राकाठच्या एका लहानशा कारखान्यात कधी काळी अशा थोड्या गाड्या बनल्या, आणि लोकांना त्यांचे नाव तोंडपाठ होण्याआधीच बनायच्या बंदही झाल्या. दाजी त्या वेळी तरुण होते आणि पुण्याला ट्रॅक्टर आणायला गेले होते. इकडे अक्का, म्हणजे माझी मेहुणी, पंचारती लावून, नारळ घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभी. भावकीतल्या बायकाही ट्रॅक्टर बघायला जमलेल्या. आणि धुरळ्यातून आली ती ही! दाजी आत बसलेले, टोपी वाऱ्याने कुठे उडाली ते त्यांनाही माहीत नाही, केस उभे राहिलेले आणि तोंडभर हसू. अक्काने निमूटपणे गाडीला कुंकू लावले, नारळ फोडला, एक फेरी मारून गाडी मागून-पुढून बघितली आणि विचारले, "ह्याला नांगर कुठं लावायचा?"

गाडी जमिनीला इतकी चिकटून चालते की रस्त्यावर पडलेली चिंच ओलांडतानाही दाजींच्या कपाळाला आठी पडते. राहुरी ते नगर रस्त्यावरचा एकेक गतिरोधक ते माणसासारखा ओळखतात. कुणाला 'खवीस' म्हणतात, कुणाला 'सासरा', आणि एका चांगल्या उताराच्या, गुळगुळीत गतिरोधकाला 'आपला माणूस'. त्यांच्या वस्तीचा रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांचा होता. तक्रारी करून लोक थकले, पण दोनशिटीचे पोट घासायला लागल्यावर दाजींनी पदरचा मुरूम टाकून, स्वतः रोलरपुढे उभे राहून असा रस्ता केला की आता बाळंतिणीला त्यावरून नेले तरी पोटातले पाणी हलत नाही. गाडीत बसणे हा एक प्रकार आणि उतरणे हा दुसराच. बसताना ते आधी एक पाय टाकतात, मग कसलेसे पुटपुटत अंग सोडून देतात. उतरताना मात्र शेजारच्याने काखेत हात घालून उपसावे लागते. "म्हस चिखलातनं काढायची म्हणलं की सगळे धावत्यात," असे ते उतरता उतरता ऐकवतात, "आन पाव्हण्याला तेवढं जिवावर येतं."

मिरजगावला आमच्या चुलतमेहुण्याच्या मुलीचे लग्न होते तेव्हाची गोष्ट. नवरदेव सजवलेल्या मोठ्या गाडीतून वाजतगाजत आला, त्याच सुमाराला दाजीही आले. पुढच्या पाच मिनिटांत मांडवाच्या दाराशी नवरदेव, त्याची करवली आणि बँडवाले एवढेच उरले. बाकी सगळे वऱ्हाड दोनशिटीभोवती. कोणी बॉनेटवर हात ठेवून फोटो काढतोय, कोणी दार उघडून बघतोय. शेवटी खुद्द नवरीने निरोप पाठवला की मला त्या गाडीत बसून एक फोटो हवा आहे. वरपक्ष फुगून बसला. दाजींना मात्र त्यात वावगे काहीच वाटले नाही. "नवरदेव काय, दर लग्नात असतो," ते म्हणाले, "ही कुठं बघायला मिळती?"

गेल्या गळीत हंगामात मात्र दोनशिटीवर संकट आले. नगर-मनमाड रस्त्यावर दाजी उसाच्या ट्रॉलीमागून चालले होते. वाट मिळायची वाट बघत होते तेवढ्यात ट्रॉलीवरची मोळी घसरली आणि सरळ येऊन पुढच्या काचेवर बसली. काचेचा चुरा झाला. ट्रॅक्टरवाला बिचारा रडकुंडीला येऊन धावला. "दाजी, लागलं का हो?" त्याने विचारले. दाजींच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती. ते बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "मला न्हाई रं. हिला लागलं."

ती काच कुठेही मिळेना. नगरच्या काचवाल्यांनी हात जोडले, पुण्याचा जुना बाजार पालथा घालून झाला. एका कारागिराने वाकवून-तापवून प्लॅस्टिकचा पत्रा बसवून दिला, पण त्यातून समोरून येणारी एक एसटी दोन दिसायची, आणि त्या दोन्हींच्या मधून गाडी काढायचा मोह दाजींना होऊ लागल्यावर अक्काने तो पत्रा काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. मग दाजींनी शेवटचा उपाय केला. डोक्यात हेल्मेट घालून बिनकाचेची गाडी चालवायला लागले.

नगरच्या एका चौकात पोलिसाने शिट्टी मारली. गाडी बाजूला घेतली. पोलीस तरणाबांड होता. गाडीत हेल्मेट घालून बसलेला इसम त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

"काका, हेल्मेट कशापायी?"

"काच न्हाई."

"काच कामून न्हाई?"

"मिळंना."

पोलीस गाडीभोवती फिरला. नेमका कोणता गुन्हा घडतोय ते त्याला ठरवता येईना. मागच्या बाजूला तो उकिडवा बसला, दिव्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "अशीच एक गाडी आमच्या बाईंच्या पडवीत हाय. शेवगावला. पिवळ्या रंगाची. आमी शाळेत असताना बघायला जायचो."

दाजींनी हेल्मेट काढले, पोलिसाचे दोन्ही हात हातात घेतले आणि भर चौकात गाड्यांचे भोंगे वाजत असताना बाईंचा सगळा पत्ता पाठ करून घेतला. तासाभरात मला फोन. "पाव्हणं, उद्या सुट्टी टाका. हिची बहीण सापडली!"

बाईंचे घर शेवगावात पैठण रस्त्याला. सत्तरीकडे झुकलेल्या, ताठ कण्याच्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान डॉक्टर होते. गाडी त्यांची. ते गेल्यापासून ती पडवीत उभी होती, वर गोधडी घातलेली. बाईंनी गोधडी ओढली आणि दाजींनी पडवीच्या पायरीवरच वहाणा काढल्या. रंग उडाला होता, चाके बसली होती, पण काच अशी की तिच्यावर साधा ओरखडा नव्हता. दाजी तिच्यासमोर फरशीवर बसूनच राहिले. चहा झाला, पुन्हा चहा झाला, गाडीच्या भोंग्याचा आवाज कसा याबद्दल दोघांचे बराच वेळ बोलणे झाले, पण काचेचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी मीच विषय काढला.

"न्या की," बाई म्हणाल्या. "मुलगा तर केव्हापासून भंगारात द्या म्हणतोय. पण काढायच्या आधी एकदा ती सुरू करून दाखवा. डॉक्टर मला संध्याकाळी हिच्यातून पैठण रस्त्याला न्यायचे. धरणाचं पाणी दिसेपर्यंत जायचं आणि परतायचं. तेवढं एकदा झालं की काच काय, सगळी गाडी न्या."

"एवढंच व्हय!" दाजी उठलेच. मी काखेत हात घालायच्या आत उठले, यावरून त्यांच्या उत्साहाची कल्पना यावी.

एवढंच म्हणता म्हणता दिवाळीपासून संक्रांत आली. दर रविवारी आम्ही राहुरीहून मिस्त्रीला जीपमध्ये घेऊन शेवगावला. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, टाकीत पेट्रोलचा काला झाला होता, पाण्याचे पाइप हात लावला की तुटत. एकेक गोष्ट मार्गी लागली की दाजी मला रात्रीचे सुद्धा फोन करून सांगत, जणू नातवाला दात आला. सगळे झाले आणि मग मिस्त्रीने मान हलवली. इंजिन चालवणारा जो डबा असतो, ज्याला तो गाडीचा कॉम्प्युटर म्हणे, तो मेला होता. आणि तो या गाडीचाच लागतो, दुसरा चालत नाही.

पुढच्या रविवारी ते जीपमध्ये येऊन बसले तेव्हा मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी होते. तान्ह्या मुलाला धरावे तसे दोन्ही हातांनी धरलेले. "आपल्या दोनशिटीचा काढला," ते म्हणाले. "दवाखान्यात माणूस माणसाला रगत देतो ना? तसं."

दुपारी मिस्त्रीने तो बसवला. दाजींनी किल्ली फिरवली. एकदा नुसतीच खरखर झाली. दुसऱ्यांदा इंजिन खोकले. आणि तिसऱ्यांदा असा आवाज उठला की पडवीतली कबुतरे उडाली, शेजारपाजारचे धावत आले आणि मिस्त्री, मी, दाजी असे तिघेही एकमेकांना मिठ्या मारून ओरडायला लागलो. बाई खांबाला धरून उभ्या होत्या. दाजींनी अदबीने दार उघडले. त्या बसल्या, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "जोरात चालवा हं. हे फार हळू चालवायचे."

अर्ध्या तासाने दोघे परतले. बाईंचा अंबाडा सुटला होता, गाल लाल झाले होते. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "वारं लागलं," आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केले.

"आता काच काढा," बाईंनी सांगितले. शब्दाच्या पक्क्या.

दाजींनी पाना घेतला. काचेच्या चौकटीशी वाकले. पाना लावला, काढला, पुन्हा लावला. मग तो खाली ठेवून पायरीवर येऊन बसले.

"बाई, चालती गाडी हाय ही. आमच्यानं न्हाई व्हायचं."

"मग तुमचा कॉम्प्युटर तरी काढून न्या. तुमची गाडी उभी राहील ना!"

"ऱ्हाऊ द्या. तुमी चालवायला शिका."

"मी? या वयात?"

"मी शिकवतो की. त्यात काय!"

येताना मी न राहवून विचारले, "दाजी, आता आपल्या गाडीला काच नाही आणि कॉम्प्युटरही नाही. कसं करायचं?"

"हुडकायचा. आसंल कुठंतरी आनखी एखादी," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाव्हणं, बाईंचा हात बघितला का? सगळ्या वाटंनं दारावर ठिवला हुता. आसा. हळूहळू थोपटत हुत्या."

घरी अक्काने हे सगळे ऐकले आणि तिचा संताप झाला. कॉम्प्युटर देऊन टाकला म्हणून नव्हे. "आजवर मला कधी चाकाला हात लावू दिला न्हाई, आन परक्या बाईला शिकवायला निघालाय व्हय? मी बी येणार!" पुढच्या रविवारी ती खरोखरच जीपमध्ये येऊन बसली, भांडायच्या तयारीने. पण बाईंनी तिला ओटीवर बसवून शेंगापोळी खायला घातली, आणि संध्याकाळपर्यंत दोघींची अशी गट्टी जमली की दाजींच्या चुका एक सांगायची आणि डॉक्टरांच्या दुसरी. शिकवणीही दोघींची एकदमच सुरू झाली. दाजी ओरडून ओरडून घसा बसवून घेत. अक्काने एकदा गाडी कुंपणात घातली, बाईंनी एकदा शेळ्यांच्या कळपात. त्यात एक शेळी सीटवर येऊन बसली, ती उतरायला तयार होईना.

परवाच्या रविवारी त्या दोघी पहिल्यांदा एकट्या निघाल्या. बाई चाकावर, अक्का शेजारी, दोघींनी डोक्याला रुमाल बांधलेले. दाजी आणि मी फाटकाशी उभे. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी हाताने गप्प केले. गाडी रस्त्याला लागली, गियर पडला, आवाज भरून आला आणि ती पिवळी गाडी बाभळींच्या रांगेतून पैठणच्या दिशेने लहान लहान होत गेली. ऊन कलले होते. तिच्या मागे धुळीचा पट्टा बराच वेळ तरंगत राहिला.

"पाव्हणं," दाजी हळूच म्हणाले, "एवढी वरसं गाडी चालवली. पण जाताना ती आशी दिसती, हे आज कळलं."

आवाज गेला तरी ते तिकडेच बघत होते. पाण्यापर्यंत जाऊन यायला लागतो त्याहून जास्त वेळ झाला होता, म्हणून मी म्हणालो, "फोन लावू का अक्काला?"

"नगं," ते म्हणाले. "सावकाश येऊ द्यात."