चंचीतला अडकित्ता

विमानतळावर सामान तपासायच्या कामाला लागून मला सहा वर्षं झाली. डोळखांबकडच्या आमच्या गावात या नोकरीचं कोण कौतुक! लग्नाकार्यात मीही जरा जास्तच मिरवायचे. "काय नाय होत, मी हाय ना तिथं," हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. माझ्या चुलतीलाही ऐकवलं होतं.

तिची लेक बेंगळुरूला, पहिलटकरीण. तिच्या बाळंतपणासाठी चुलती पहिल्यांदाच विमानाने निघाली होती. नेमकं त्याच आठवड्यात कुठल्याशा विमानात एका माणसाने बुटात लपवलेलं पातं काढलं आणि वैमानिकाच्या दारापर्यंत मजल मारली. प्रवाशांनीच त्याला आडवा पाडला, विमान सुखरूप उतरलं, पण आमच्याकडे सगळ्यांचं धाबं दणाणलं. बूट काढा, पट्टे काढा, नेलकटरसुद्धा बाहेर ठेवा. रांगा लांबल्या आणि आमच्या पाठीशी दिवसभर साहेब उभे राहू लागले.

अशा दुपारी चुलतीची पानसुपारीची चंची यंत्रात गेली आणि मला पडद्यावर अडकित्ता दिसला.

तो सुपारीपुरता नव्हता. आमच्या घरात पोर जन्मलं की पाचवीपर्यंत तो बाळंतिणीच्या उशाखाली असतो. पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते, तेव्हा उशाशी लोखंड हवंच. आणि ते घरच्या बाईने अंगावर वागवत न्यायचं, बोचक्यात कोंबून नाही. मोठ्या बॅगेत टाकला असता तर बिनबोभाट बेंगळुरूला पोचला असता. हा रिवाज मला पुरता ठाऊक होता, तरी अडकित्ता जवळ ठेवून विमानात नेता येत नाही, गावात बढाया मारताना एवढी एक गोष्ट तिला सांगायचं मला सुचलं नाही.

"ही पिशवी कुणाची?" मी विचारलं. माहीत असून.

"माझीच गो," ती हसली. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला होता. मी हसले नाही. साहेब बघत होते, आणि ही ओळखीच्यांना सवलत देते असं मला कुणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. "आजी, हे नेता येणार नाही," मी म्हटलं. सख्ख्या चुलतीला मी आजी म्हटलं, परक्या म्हाताऱ्यांना म्हणते तसं.

तिने अडकित्ता काढून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "बरा, तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. येताना नेईन."

मी तो सांभाळून ठेवीन असं तिला वाटलं, आणि मी मूग गिळून गप्प बसले. ती पुढे गेल्यावर अडकित्ता जमा केलेल्या वस्तूंच्या डब्यात टाकला. भरलेला डबा पुढे कुठे जातो ते आम्हाला कळत नाही.

दोन महिन्यांनी ती परतली आणि थेट माझ्या शहापूरच्या घरी आली. नातू गुटगुटीत आहे म्हणाली. चहा झाल्यावर तिने हात पुढे केला. "आन गो. धाकटी सून बी आता भरत आलीय."

मग मला सांगावंच लागलं. विमानातला तो माणूस, नियम, साहेब, डबा, सगळं. नियम बरोबरच होता, आजही मी तेच म्हणेन. पण मी त्या नियमाच्या आड लपून बोलत होते, आणि ते मलाच ऐकू येत होतं.

"माझा थोरला ल्योक भायेर उभा हुता," ती म्हणाली. "मी इमानात बसल्याचा फोन करीपर्यंत जायाचा नव्हता. त्याच्या हाती दिला आसता."

मला ते माहीत होतं. त्यानेच त्या दिवशी सकाळी फोन करून मला सांगितलं होतं. मागे जाऊन सोडायला आलेल्या माणसाकडे द्या, हे मी परक्यांना दिवसातून दहादा सांगते. तिला सांगितलं नाही, कारण सांगताना माझ्या तोंडून काकी निघालं असतं.

"नियम आसंल बाय," ती म्हणाली. "पन वळख दाखवाया लाजलीस का गो?"

"होय," मी म्हटलं.