कॉकचं हँडल माझ्या खिशात होतं

आमच्या घरात देवाचा फोटोसुद्धा बायकोने लावलाय, मी नाही. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जातो. असल्या अनुभवांच्या या सदरासाठी कधी आपण लिहू असं वाटलं नव्हतं... पण हे आणखी कुणाला सांगणार?

मुलुंडला, आग्रा रोडलगत रंगाची फॅक्टरी. मी मेन्टेनन्सला सुपरवायझर. गिरण्यांच्या संपात घरी बसलेल्या दिगूला – माझ्या गावचा, लहानपणापासूनचा दोस्त – पॅकिंगमध्ये मीच चिकटवलं. आग विझवणाऱ्या टोळीतही त्याचं नाव मीच घातलं.

आमचा आगीचा पंप आपोआप सुरू व्हायचा. हायड्रंटच्या, म्हणजे आगीसाठी होज जोडायच्या नळांच्या, पाइपातून तांब्याची बारीक नळी पंपाच्या प्रेशर स्विचपर्यंत आणलेली असते. कुठेही हायड्रंट उघडला की पाइपातलं प्रेशर पडतं, नळीतलंही पडतं, स्विचला ते कळतं आणि पंप उठतो. या नळीवर कॉक नसावा, हे मला माहीत होतं. आमच्याकडे होता – स्विच बदलायला सोयीचा म्हणून.

जमिनीखाली पाइप कुठेतरी गळत होता. त्यामुळे पंप नको तेव्हा सुरू व्हायचा, लोड वाढून मशिनं बंद पडायची, मॅनेजर माझ्यावर भुंकायचा.

दिगू म्हणायचा, "तुझो पंप म्हणजे माझो आजो रे! जरा खुट्ट झाला काय उठान बसता."

खणून गळती शोधायची सोडून मी कॉक बंद केला. कुणी उघडू नये म्हणून हँडल काढून खिशात टाकलं. नळीत अडकलेलं पाणी दाबातच राहिलं – पाइप रिकामा झाला तरी स्विचला सगळं ठीकच वाटणार.

"काय रे वसंता, आजो आता उठणा कसो नाय?"

"झोपवलाय त्याला."

दोघंही हसलो.

आग जेवणाच्या सुट्टीत लागली, थिनरच्या गोडाऊनला. दिगू होज घेऊन आत शिरला. पाइपात होतं तेवढं पाणी आलं आणि धार तुटली. आतून त्याची हाक – "वसंता, पाणी खंय रे?"

पंप हाताने चालू करायला मी धावलो. पंपरूमला कुलूप, किल्ली माझ्याकडे. ती फिरवताना दिगूची हाक थांबली... आणि आत पंप सुरू झाला.

दार उघडलं. आत कुणी नाही. कॉक बंदच. स्विचकडच्या प्रेशर-मीटरचा काटा शून्यावर. नळीला हात लावला तर चटका बसला – आणि आग पार पटांगणापलीकडे!

पुढचं बायकोलाही सांगितलेलं नाही. मी दिगूकडे धावलो नाही. आधी खिशातलं हँडल बसवलं, कॉक उघडला.

दिगू वाचला नाही. चौकशीवाल्यांनी पाहिलं – पंप चालू, कॉक उघडा. म्हणाले, "पंप तर आपोआप उठला होता. म्हणजे हायड्रंट उघडायलाच त्याने उशीर केला." मी मान डोलावली.

पुढे कितीदा तरी कॉक बंद करून हायड्रंट उघडून पाहिला. काटा हलला नाही, पंप उठला नाही. बंद नळीतलं पाणी त्या दिवशी गेलं कुठे, नळी तापली कशी – अजून कळलेलं नाही. दिगूनेच उठवला म्हणावं, तर त्यात वाचलो मी, आणि दोष त्याच्या माथी.

तेराव्याला त्याची बायको म्हणाली, "भावजी, तुमचो पंप तरी येळेर चालू झालो. ह्येंकाच उशीर झालो."

"होय, वयनी," मी म्हणालो. आणि तिने दिलेला चहा प्यायलो.