बाळंतिणीच्या पाण्यातला वाटा

इंटर सायन्सच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी नगरहून घरी एक बशी नेली. काचेची, झाकणाची. आत ओला टीपकागद आणि त्यावर नखाएवढा पिवळा, ओलसर डाग. आमचे वनस्पतिशास्त्राचे सर त्याला स्लाइम मोल्ड म्हणत. बुरशी म्हणावी तर ती नाही, प्राणी म्हणावा तर तोही नाही, असं त्यांनी वर्गात सांगितलं आणि मी वहीत तसंच उतरवून घेतलं. त्या वर्षी मी बहुतेक सगळं नुसतं उतरवूनच घेत होतो. इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यात शिरेपर्यंत तास संपलेला असे.

सहामाहीत मार्क कमी पडले. माझ्याआधी घरात कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे हे मार्क फार वाईट की जेमतेम, हे विचारायलाही कोणी नव्हतं. सरांनी बोलावून घेतलं.

"तुम्ही आर्ट्सला जावं असं बाकीच्या प्राध्यापकांचं म्हणणं आहे," ते म्हणाले. "मी म्हटलं, थांबू या. सुट्टीत ही बशी घरी न्या. रोज दोनदा बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. वही चांगली झाली तर मला तुमच्या बाजूनं काही बोलता येईल."

खायला घालायला त्यांनी ओटच्या चपट्या दाण्यांची पुडी दिली. पाणी मात्र उकळून गार केलेलंच घाला, नाहीतर दुसरी बुरशी धरेल, असं बजावलं.

तिसगावपर्यंत मोटर होती. बशी एका डब्यात ठेवून तो डबा मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. शेजारच्या पागोटेवाल्यानं विचारलं, "काय रं, पेढं हायत का?"

"न्हाई. जिवंत हाय."

तो एकदम सरकला, त्याच्यामुळे पलीकडची बाई सरकली, आणि करंजीचा घाट उतरेपर्यंत मला बसायला ऐसपैस जागा मिळाली. नंतर त्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "आवो, ह्या पोराकडं साप हाय!" मला डबा उघडून दाखवावा लागला. बशीत बघून तो म्हणाला, "ह्याच्यापरीस सापच बरा."

तिसगावहून आमचं गाव चार मैल. त्या वर्षी पाऊस नीट झालाच नव्हता आणि गावच्या विहिरीनं दिवाळीतच तळ गाठला होता. आई दीड मैलावरच्या ओढ्यात खणलेल्या झऱ्यावरून पाणी आणायची. वाटीवाटीनं घागर भरायला वेळ लागे. घरात वहिनी बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. बाळंतिणीला कच्चं पाणी चालत नाही म्हणून तिच्यासाठी एक तांब्या उकळून, फडकं बांधून कोपऱ्यात ठेवलेला असे. घरात उकळलेलं पाणी तेवढंच. माझ्या बशीचा वाटा त्यातूनच निघाला. वेगळं उकळायचं तर पाणीही नव्हतं आणि सरपणही मोजकंच होतं.

"खातं काय ह्ये?" पहिल्या दिवशी आईनं विचारलं.

"दाने खातं. अन् चालतं."

"पाय कुटं हायत त्याला?"

"पाय न्हाईत."

"मंग बरंय त्याचं. दुखायचं काय न्हाई."

असं म्हणून ती स्वतःच्या पोटऱ्या दाबत बसली. चुलती ओसरीवरून म्हणाली, "कालेजात जाऊन थुकी पाळाय शिकलं गं तुझं लेकरू!" वहिनी आत हसली.

मला मात्र बशीत रोज नवं काही दिसायचं. बशीच्या एका कडेला दाणा ठेवला की दुसऱ्या दिवशी पिवळ्या शिरांचा पंखा त्या बाजूला सरकलेला असे, आणि मागे चिकट, जवळजवळ रंगहीन माग राहिलेला. त्याला तोंड नाही. ते दाण्यावर पसरतं, पाचक रस सोडतं आणि जागच्या जागी पचवतं. इतका सगळा पसारा म्हणजे आत भिंती नसलेली एकच पेशी, केंद्रकं मात्र असंख्य. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या शिरांतला प्रवाह दाखवला होता. मिनिटभर एकीकडे वाहतो, क्षणभर थांबतो, मग उलटा वाहू लागतो. आतली प्रथिनं घट्ट-पातळ होत असावीत, असं सर म्हणाले, आणि नक्की कोणालाच ठाऊक नाही असंही म्हणाले. मास्तर लोक असं बोलतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. घरी सूक्ष्मदर्शक नव्हता. मी बोटांनी अंतर मोजून वहीत लिहीत होतो.

सहाव्या दिवशी वडिलांबरोबर नेवाशाकडे कडबा आणायला जावं लागलं. तिकडे पाटाचं पाणी होतं, आमचे पाहुणे होते. बैलगाडीनं जाऊन-येऊन पाच दिवस. निघताना आईला सांगितलं, सकाळ-संध्याकाळ चिंधी भिजवून दहा थेंब टाकायचे. तिनं बोटांवर मोजून दाखवले.

परत आलो तेव्हा कडब्याची कुसळं अंगभर टोचत होती, पाठ मोडून आली होती. हातपाय न धुताच बशी उघडली. टीपकागद पापडासारखा कडक. पिवळा पंखा नाहीसा झालेला, त्याच्या जागी तपकिरी-नारिंगी खपली.

आई तेवढ्यात झऱ्यावरून आली. डोक्यावर दोन घागरी, काखेत कळशी. तिला घागरी उतरवू लागायच्या आधीच मी बोललो.

"येवढं एक काम सांगितलं हुतं. दहा थेंब! तुला काय कळतं त्यातलं? माझं वर्ष गेलं तुझ्यापायी."

घागरी डोक्यावर तशाच. तिला मानही हलवता येत नव्हती.

"दोन दिस टाकलं बाबा," ती म्हणाली. "मंग झरा आटला. दुसरा कालच खनला. तांब्यात घोटभर ऱ्हायलं हुतं. बाळंतिनीला ताप आल्ता."

मी बशीवर झाकण घातलं. आईनं स्वतःच घागरी उतरवल्या.

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

वहीत मी तारीख घालून 'मेले' असं लिहिलं. सुट्टीचे उरलेले दिवस आमचं कामापुरतंच बोलणं झालं.

कॉलेज उघडल्यावर दोन दिवस सरांना टाळलं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की निष्काळजीपणा माझा आहे. त्यांनी खपली उजेडात धरून पाहिली.

"अहो, हे मेलेलं नाही. पाणी संपलं की हे असंच करतं. स्वतःला बारीक कोशांमध्ये वाटून घेतं, आत अन्न साठवतं, श्वास अगदी मंद करतं. माझ्या कपाटात पाकिटात गेल्या वर्षीचं पडलंय. 'मेले' खोडा, 'वाळले' लिहा, आणि किती दिवस पाणी नव्हतं तेही लिहा. ते महत्त्वाचं आहे."

कपाटात पाकीट होतं हे मला माहीत नव्हतं. कोशांबद्दलचं सगळं माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होतं. फळ्यावरून उतरवलेलं.

सरांनी खपली चिकटलेला कागदाचा तुकडा भिजवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खपलीच्या कडेनं पिवळी जीभ बाहेर आली होती. वर्गातल्या मुलांनी तो प्रवाह पाहिला, मीही पाहिला. मला आनंद झाला का, आठवत नाही. फार झोप येत होती एवढं आठवतं. पुढच्या आठवड्यात सरांनी सांगितलं, सायन्सलाच राहा.

नंतर अभ्यास, जर्नल, प्रॅक्टिकल. शिमग्याला घरी गेलो. आई पायलीभर बाजरी पुढ्यात घेऊन निवडत बसली होती. वहिनीचं बाळ शेजारी गोधडीवर. माझ्याकडे आईनं एकदाच वर पाहिलं.

"आई, ते मेलं न्हवतं," मी म्हणालो. "पानी टाकल्यावर उठलं. वाळलं म्हंजी निजतं ते."

ती सूप खाली ठेवून बघत राहिली.

"मंग वर्ष न्हाई गेलं तुझं?"

"न्हाई."

"कवा कळलं तुला?"

"गेलो त्याच आठवड्यात."

तिनं हिशेब केला असावा. पौष, माघ, आता अर्धा फाल्गुन. गावातल्या शाळामास्तरांच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं असतं तर त्यांनी आईला चार ओळी वाचून दाखवल्या असत्या. माझ्याकडे कार्ड होतं. सुचलंच नाही.

"मी ह्यास्नी बी सांगितलं न्हवतं," ती म्हणाली. ह्यास्नी म्हणजे वडिलांना. "म्हनलं, पोराचं वर्ष आपल्या हातनं गेलं, कुन्या तोंडानं सांगावं."

"आई, चुकलं माझं."

तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती भिंतीला टेकली होती, पाय लांब केले होते, डोळे मिटले होते. दिवसाउजेडी तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी सूप माझ्याकडे ओढून घेतलं आणि बाजरीतले खडे वेचू लागलो.