सरदारबी आणि धान्याचा काटा

सरदारबीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नमाजेला वेळ असायचा, पण अंथरुणातून उठून उभं राहायला तिला वीस मिनिटं लागायची. आधी भिंतीला पाठ टेकायची, मग पत्र्याच्या पेटीवर हात रोवायचा, मग उजवा गुडघा हळूहळू सरळ करायचा. नमाज ती खुर्चीवर बसून पढायची. सातला ती डाळीच्या गोदामात चाळणीवर हजर असायची. एकोणतीस वर्षांत तिला उशीर झाल्याचं मला आठवत नाही.

मी रखमाजी. जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानावर हमाली केली. शेवटची बारा वर्षं मापाडी होतो. पोतं काट्यावर ठेवायचं आणि आकडा सांगायचा, हे माझं काम. आता काम सुटलं आहे, पण सकाळी दुकान उघडायला मीच जातो. तिचा नवरा अबुबकर माझा जोडीदार होता. वीस वर्षं पोत्याची दोन टोकं त्याच्याकडे आणि दोन माझ्याकडे. तो वारला त्याला सहा वर्षं झाली. मी तिला भाभी म्हणतो.

जानेवारीत डॉक्टरांनी तिला सांगितलं, गुडघा बदलावा लागेल, पण वजन ऐंशीच्या आत आणल्याशिवाय हात लावणार नाही. गोदामाच्या मालकानेही सांगून ठेवलं होतं, की ढिगावर बसता येत नसेल तर पावसाळ्यानंतर दुसरी बाई बघावी लागेल. घरी ती आणि मुलगी साजिया. साजियाचं शिक्षण चालू होतं. गुडघा झाला नाही तर काम जाणार, एवढं सरळ होतं.

मग एक दिवस सरदारबी पहाटेच्या अंधारात दुकानावर आली. म्हणाली, "रखमाजी भाऊ, दवाखान्यातला काटा रोज कुठं सापडतो? तुमच्या काट्यावर वजन करा."

चपला काढून ती काट्यावर चढली. एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम.

भिवा हमाल पायरीवर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "भाभी, बारदाना वजा करायचा राह्यला." बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन.

"तुझा बी करू का वजा?" ती म्हणाली. "मंग तुझं काय उरंल, भिवा?"

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मीना नावाची मुलगी होती. तिने सांगितलं होतं, खुर्चीवर बसून घोट्याला दोन किलो वजन बांधा, पाय सरळ वर उचला, मनात पाच मोजा, खाली ठेवा. एका पायाला वीस, दुसऱ्याला वीस, दिवसातून तीन वेळा. सरदारबीने मांजरपाटाची पिशवी शिवली. मी तिला हरभरा मोजून दिला, बरोबर दोन किलो. पाय उचलताना ती मापाड्यांसारखं मोजायची. आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. ती म्हणायची, बरकत, दोन, तीन.

खाणंही तिने तोडलं. साखर बंद, भात बंद. तेल नको म्हणून कालवणही बंद. अर्धी भाकर आणि लोणच्याचा खार.

पाचव्या दिवशी काटा म्हणाला, एक्क्याण्णव नऊशे. नवव्या दिवशी ब्याण्णव आठशे.

मी तिला खाली उतरवलं. आतून वीस किलोचं लोखंडी माप आणलं आणि काट्यावर ठेवलं. काट्याने वीस दाखवले, शंभर ग्रॅमही इकडे तिकडे नाही. काटा खरा, म्हणजे माल खोटा. सगळा जन्म मी याच न्यायाने काढला होता.

"भाभी, रात्री काय खाल्लं?"

"अर्धी भाकर."

"अन् त्याच्यावर?"

"त्याच्यावर पाणी."

"काटा खोटं बोलत न्हाई."

"मंग मी बोलून राह्यले का?"

मी वीस किलोचं माप उचलून आत नेलं. तेच उत्तर होतं, आणि ते तिला समजलं. तिने चपला घातल्या आणि भिंतीला धरत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने रात्रीची अर्धी भाकरही सोडली. हे मला माहीत नव्हतं. ती रोज यायची, काट्यावर चढायची, आकडा ऐकायची. एकदा तीनशे ग्रॅम कमी, दुसऱ्या दिवशी चारशे जास्त. मी आकडा सांगायचो आणि तिच्याकडे बघायचो नाही. चौथ्या दिवशी गोदामात तिला चक्कर आली आणि ती तुरीच्या ढिगावर बसली ती उठेना. साजिया धावत माझ्याकडे आली.

"काका, अम्मी तीन दिवसांपासून रात्री उपाशी झोपून राह्यली. म्हणती, रखमाजी भाऊला खोटी दिसले मी."

रिक्षातून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. मीना आली. मी तिला आकडे सांगितले, मला ते तोंडपाठ होते. ते ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"रोज वजन कोणी करायला सांगितलं?"

"मी केलं," मी म्हणालो.

ती माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान असेल, पण तिने मला पोरासारखं समोर बसवून समजावलं. ज्या पायांनी वर्षानुवर्षं अशी मेहनत केली नाही, त्यांना एकदम काम लावलं की मांस आतून सुजतं आणि पाणी धरून ठेवतं. पाय बरे होत असतात तेव्हाच काटा वर जातो. खारातलं मीठ वेगळं पाणी धरतं. सकाळचं वजन वेगळं, संध्याकाळचं वेगळं, पोट साफ झालं नाही तर आणखी वेगळं. चरबी त्यात खाली जात असते, पण ती इतक्या लवकर दिसत नाही.

"आजी खोटं बोलल्या नाहीत. काटाही बोलला नाही," ती म्हणाली. "तुम्ही आठवड्यातून एकदाच बघा. आणि त्यांना जेवू द्या. कालवण चालेल, खार नको."

नव्या तुरीचं पोतं ओलसर हवेत एका रात्रीत वजन घेतं, उन्हाळ्यात तेच पोतं हलकं होतं, आणि त्यात एक दाणाही कमी-जास्त झालेला नसतो. हे मी विशी ओलांडायच्या आधी शिकलो होतो. व्यापाऱ्यांची भांडणं मी त्यावर मिटवली होती. पोत्याला मी ही सूट देत होतो. अबुबकरच्या बायकोला दिली नाही.

सरदारबीजवळ जाऊन मी तिला म्हणालो, "भाभी, चुकलं माझं."

ती पलंगावर पडून होती. म्हणाली, "ते जाऊ द्या. हरभऱ्याची पिशवी घरी राह्यली. दुपारचे वीस-वीस हुकले."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी कामचुकार माणूस नाही. पण सलाईन हातात असताना हुकलेलं काम मोजणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर दर शुक्रवारी वजन. तरीही काटा सरळ खाली गेला नाही. नव्वद, एकोणनव्वद पाचशे, पुन्हा नव्वद. रोज्यांच्या महिन्यात तिने इफ्तारनंतर पाय उचलले आणि दोन किलो उतरले. ईदच्या शुक्रवारी सव्वा किलो परत चढलं. भिवा म्हणाला, "शिरखुर्मा आला काट्यावर." ती हसली, आणि घरी जाऊन पिशवी बांधली. तीन आठवडे आकडा जागचा हलला नाही. मी असतो तर पिशवीतला हरभरा भिजवून खाल्ला असता. ती बरकत, दोन, तीन करत राहिली.

जुलैत एका शुक्रवारी काट्याने एकोणऐंशी सहाशे दाखवले. मी माप आणून काटा तपासला नाही.

त्या रात्री मी हिशोब केला. एका वेळेला चाळीस, दिवसाला एकशेवीस उचल. दोन किलोप्रमाणे दोनशे चाळीस किलो. आजारपण आणि सणवार सोडून एकशे सत्तर दिवस. चारशे आठ क्विंटल झाले. आमच्या काळी ट्रकला क्विंटलची शंभर पोती लागायची. अबुबकर आणि मी दोघे मिळून एक ट्रक खाली करायचो तर दोन दिवस अंग ठणकायचं. या बाईने खराब गुडघ्याने, खुर्चीत बसून, चार ट्रक उचलले होते आणि वर आठ पोती. कोणी बघत नव्हतं. मजुरी नव्हती. मी आकडे तीनदा तपासले. ते बरोबर होते.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. मीना म्हणाली, पाय एवढ्या लवकर उभे राहतात कारण मांस आधीच तयार आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की आता उकिडवं बसायचं नाही, मोरीतही नाही आणि संडासातही नाही.

गोदामात ती दिवाळीनंतर परत गेली. मालकाने तिला उंच स्टूल दिलं. चाळणीच्या मजुरीतून तिने महिनाभर पैसे बाजूला टाकले. तोवर संडासात ती भोक पाडलेल्या खुर्चीवर भागवायची. मग गवंडी बोलावला, संडासातलं जुनं भांडं फोडून काढलं, आणि खुर्चीसारखं बसायचं पांढरं कमोड बसवून घेतलं.