टस्कनीच्या प्रदर्शनात माझ्या चपला

ऐका, आणि ऐकून झालं की विसरून जा. आमची ही चारचौघांत हा किस्सा सांगायला लागली की मला हटकून तहान लागते आणि मी स्वयंपाकघरात जातो. आज ती नाही, म्हणून मीच सांगून टाकतो. निदान माझ्या बाजूने थोडं सावरून घेता येईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जहाजावर इंजिनियर, बिऱ्हाड सिंगापूरला, बेडोकच्या फ्लॅटमध्ये. एकदा आमचं जहाज इटलीत लिव्होर्नो बंदराला लागलं आणि तिथून मी फ्लॉरेन्सला जाऊन आलो. किती वेळ? सहा तास. त्यातले तीन आगगाडीत. पण घरी सांगताना त्या सहा तासांचे दोन दिवस झाले, दिवाळीपर्यंत चार झाले, आणि पुढे कुणी नुसतं ‘टस्कनी’ म्हटलं की बेडोकमधली मराठी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मी तिथल्या संग्रहालयांबद्दल फार आत्मीयतेने बोलायचो. बाहेरून मी ती नीट पाहिली होती.

तर ऑर्चर्ड रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात टस्कनीचं प्रदर्शन लागलं. तिथल्या टेकड्यांचे, द्राक्षमळ्यांचे भिंतभर फोटो, फ्लॉरेन्सच्या जुन्या कारागिरांनी बनवलेले बूट आणि पर्सा, आणि शेवटी अर्थातच विक्री. मी नाही गेलो तर कोण जाणार, सांगा! त्या रविवारी तोआ पायोहला एकांकडे सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन आम्ही परस्पर एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, निघालो. मी झब्बा-पायजम्यात, पायात कोल्हापुरी. सुनंदा, म्हणजे आमची ही, रेशमी साडीत. आणि नऊ वर्षांची आमची केतकी.

दारातच पांढराशुभ्र गालिचा. मंद उजेड. सगळे कुजबुजत बोलतायत. आणि शिरल्या शिरल्या भिंतीलगत एक बुटका पांढरा कट्टा, त्यावर ओळीने मांडलेले बूट.

मी चपला काढल्या आणि ओळीच्या टोकाला ठेवल्या.

“अहो, बाकीचे तर बूट घालून आत चाललेत,” सुनंदा म्हणाली.

“त्यांना माहीत नाही. फ्लॉरेन्सला संग्रहालयात अशीच पद्धत आहे. जुनी फरशी झिजते ना!”

“बाबा, नो लाह! दॅट वन डिस्प्ले,” केतकी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

“तू गप्प बस. मी जाऊन आलोय.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि बूट-सँडल घालूनच आत गेल्या. मी अनवाणी.

आत मी रंगात आलो. “ही सुरूची झाडं. संध्याकाळी यांच्या सावल्या थेट रस्त्यापर्यंत येतात.” गाडीत मला झोप लागली होती, पण सावल्या कुठेतरी पडतच असणार की नाही? हळूहळू एक भारतीय जोडपं आमच्या मागे मागे चालू लागलं. मग मी आवाज थोडा वाढवला. विक्रीच्या दालनात सुनंदाने एक पर्स उचलली, चिठ्ठीवरची किंमत वाचली, आणि झोपलेलं तान्हं बाळ ठेवावं तशी ती अलगद खाली ठेवली. आम्ही परत फिरलो.

दाराशी गर्दी. कशाभोवती? माझ्या चपलांभोवती!

कुणीतरी त्या नीट सरळ करून ठेवल्या होत्या. वरचा दिवाही त्यांच्याकडे वळवला होता. खरं सांगतो, त्या पिवळ्या उजेडात माझ्या चपला इतक्या देखण्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. एक जपानी प्रवासी वाकून फोटो काढत होता. एक गोऱ्या आजीबाई नवऱ्याला सांगत होत्या, “आतली ती अक्षरं पाहिलीस? कारागिराची सही आहे ती.”

ती सही ‘पेंडसे’ अशी होती. पूजेच्या घरी चपला बदलतात, म्हणून सुनंदाने सकाळीच मार्करने घातलेली.

मी गुपचूप वाकलो.

“सर! प्लीज डोन्ट टच.” पन्नाशीचे एक चिनी रखवालदार माझ्या आणि माझ्या चपलांच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगावं, असं मी ठरवत होतो. तेवढ्यात मघाच्या जोडप्यातले गृहस्थ पुढे आले. उत्तरेकडचे होते, अंगात सूट.

“भाईसाहब, देखा? ये तो अपनी कोल्हापुरी है!”

“हां,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

“और ये लोग इसे इटली की बता रहे हैं! सरासर चोरी!”

आता सांगायची वेळ होती. एकच वाक्य होतं हो! पण गेला पाऊण तास हे गृहस्थ माझ्या तोंडून टस्कनी ऐकत होते. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

“बहुत बुरी बात है,” मी म्हणालो.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. “आप तो महाराष्ट्र से हैं ना? आप बोलिए!”

आणि मी बोललो! कोल्हापूरचे कारागीर, कमावलेलं कातडं, हाताची शिवण, सगळं. पाच मिनिटं. रखवालदार ऐकता ऐकता एकदा चपलांकडे बघत होते आणि एकदा माझ्या पायांकडे. मग त्यांनी वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं.

आल्या त्या प्रदर्शनाच्या प्रमुख, इटालियन बाई. हातात फाईल. त्यांनी यादी दोनदा तपासली.

“ही जोडी आमच्या यादीत नाही,” त्या म्हणाल्या.

“यादीतच नाही?” गृहस्थ गरजले. “मग तर हे प्रकरण फारच गंभीर आहे! मी हाय कमिशनला फोन करतो!” विक्रीच्या दालनातली माणसंसुद्धा धावत आली.

बाईंनी पांढरे हातमोजे घातले. एक चप्पल दोन्ही हातांनी उचलली, दिव्याखाली धरली. तिच्या पट्ट्यातून तांदळाची एक अक्षता गालिच्यावर पडली. सगळ्यांनी वाकून पाहिली.

“आंटी,” केतकी म्हणाली, “दॅट वन माय फादर्स लाह. ही टुक इट ऑफ. आय टोल्ड हिम.”

गृहस्थांनी इतका वेळ धरलेला माझा हात हळूच सोडून दिला.

“पण काढल्यात कशाला?” बाईंनी अगदी मनापासून विचारलं.

“ते... फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांत पद्धत आहे ना...”

“मी तिथे बावीस वर्षं काम करते. कुठल्या संग्रहालयात?”

सुनंदाही ऐकायला एक पाऊल पुढे आली.

“बाहेरून,” मी म्हणालो. “सगळी बाहेरूनच पाहिली. सहा तासांत काय होणार?”

सुनंदा बोटांवर काहीतरी मोजू लागली.

कागदाशिवाय कट्ट्यावरची वस्तू बाहेर जाऊ शकत नाही, असा तिथला नियम होता. बाईंनी उभ्या उभ्या फॉर्म भरला, मी सही केली, रखवालदारांनी शिक्का मारला. मी चपला पायात घालत असताना त्या जपानी माणसाने आणखी एक फोटो काढला.

परतताना एमआरटीत सुनंदाने माझ्या खिशातून तो कागद काढला आणि शांतपणे मोठ्याने वाचला.

“वस्तू: चपला, एक जोड. अवस्था: वाईट. अस्सलपणा: संशयाला जागा नाही.”

मग घडी घालून तिने तो परत माझ्या खिशात ठेवला.

“बरं झालं,” ती म्हणाली, “हा शेवटचा रकाना नुसत्या चपलांसाठी होता.”